शनिवारचं लोखंड

आमच्या ह्यांच्याइतका भित्रा माणूस अख्ख्या पनवेलात दुसरा नसेल. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते आणि तेही मुकाट मान हलवतात. प्रभाकर टिपणीस, तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यात स्टोअरला. शेगडी बंद केली की सिलिंडरशी नाक नेऊन वास घेणार. एसटीत कधी पुढच्या बाकावर बसणार नाहीत, का तर समोरून धडक बसली तर? "अहो, आणि मागून बसली तर?" असं मी एकदा सहज म्हटलं, तर तेव्हापासून मधलं बाक धरून बसायला लागले. आता अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं!

पण ह्याच माणसानं जुनी फियाट विकत घेतली. कशामुळे, तर रिक्षाच्या भीतीनं. रिक्षा उलटते म्हणे. आणि गाडीचं सगळं काम घरी, स्वतःच्या हातानं, कारण गॅरेजवाले आपल्या गाडीतले चांगले पार्ट काढून जुने बसवतात अशी दुसरी भीती. रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगखाली सतरंजी अंथरून हे गाडीखाली शिरायचे. आधी चारही बाजूंना विटा, मग लाकडी ठोकळे, मग जॅक, आणि एवढं करूनही खालच्या मजल्यावरच्या अय्यूबभाईंना खुर्ची टाकून बसवायचे. "गाडी खाली आलीच तर ओरडायला कुणी तरी हवं," म्हणायचे. अय्यूबभाई कुवेतहून लढाईच्या गडबडीत परत आलेले, नवं काम मिळेपर्यंत मोकळे होते. ते आपले पेपर वाचत बसत. अधूनमधून खाली वाकून विचारत, "प्रभाकरभाई, जिंदा आहात ना?"

एक्क्याण्णवच्या दसऱ्याला आमची रुचिरा बाळंतपणासाठी माहेरी आली. आदल्या वर्षी तिचा गर्भ चौथ्या महिन्यात पडला होता. तेव्हा पोर दोन महिने कुणाशी धड बोलली नव्हती. जावई नोकरीवर लांब भिलाईला. त्यामुळे ह्या खेपेला तिची सगळी जबाबदारी आमच्यावर, आणि आमच्यावर म्हणजे कुणावर ते सांगायला नकोच.

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून आम्हा दोघांना बाजूच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं आता नेहमीचं, लोह घ्या, कॅल्शियम घ्या. बाई म्हणाल्या, "वार, म्हणजे प्लासेंटा, खाली आहे. पिशवीच्या तोंडावर. नववा लागला की वाशीच्या मोठ्या हॉस्पिटलात आधीच दाखल करू. पण त्याआधी रक्त दिसलं, थोडंसं जरी दिसलं, तर माझ्याकडेसुद्धा येऊ नका. इथे रक्ताची सोय नाही. तडक वाशी गाठा. आडवी झोपवून न्या, आणि तिला दणके बसू देऊ नका."

"वेळ किती असतो हातात?" ह्यांनी विचारलं.

"फार नसतो," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी धड झोपलं असेल तर शपथ. रुचिरा न्हाणीघरात गेली की हे बाहेर उभे. ती आत जास्त वेळ राहिली की माझ्याकडे बघत. मी खुणेनं विचारी, तिला हाक मारू का? तर नको म्हणून हात हलवत. हाक मारली आणि आतून काही भलतंच ऐकू आलं तर, ही भीती. आणि खरं सांगू, मला ह्यांचा राग यायचा तो ह्याचसाठी, कारण मीही तेवढीच घाबरलेली असायची. एकानं घाबरायचं ठरवलं की दुसऱ्याला शूर व्हावं लागतं. त्याचा कंटाळा येतो हो.

ह्यांनी वाशीच्या रस्त्याची रंगीत तालीम सुरू केली. ऑफिसातून आले की चहा घ्यायचा आणि गाडी काढून निघायचं. कळंबोलीला खड्डा डावीकडे, कामोठ्याला उजवीकडे, सगळं पाठ करून यायचे. "रात्री नेहमी रस्त्याच्या मधोमध ठेवायची गाडी," मला समजावत. आणि अशाच तालमीत, बेलपाड्याच्या वळणावर, गाडी एका खड्ड्यात आपटली आणि पुढची डावी स्प्रिंग तुटली. चाकावर अख्खी गाडी बसली. कशीबशी हळूहळू घासत घरी आणली. मी गॅलरीतून बघितलं तर गाडी एका बाजूला कलंडलेली, आणि त्यातून उतरणारा माणूस पांढराफटक.

"तालीम करायला कुणी सांगितलं होतं?" मी खालीच जाऊन विचारलं. "चांगली धडधाकट गाडी होती!"

हे तसेच चाकाशी बसून राहिले.

पुण्याला ह्यांच्या आतेभावाची जुन्या पार्टच्या बाजारात ओळख. अय्यूबभाईंच्या घरून त्याला फोन केला. त्यानं पुढच्या दोन्ही स्प्रिंगा आणि शॉकअप घेऊन ठेवले. मी म्हटलं, एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायला सांगा, संध्याकाळी स्टँडवर जाऊन आणू. सगळं पनवेल असंच सामान मागवतं. पण नाही. ड्रायव्हर विसरला तर? मधेच कुणी उतरवून घेतलं तर? "कुरिअरनं पाठव," ह्यांनी सांगितलं. "कुरिअरला पावती असते. जबाबदारी असते."

जबाबदारी! त्या कुरिअरवाल्यांचं नाव मी आजही तोंडातून काढत नाही.

तरी एक कबूल करायला हवं. पार्सल पहिल्या खेपेला वेळेवर आलं. शनिवारी सकाळी एक माणूस सायकलला गोणपाटाचं गाठोडं बांधून घामाघूम होऊन दारात उभा राहिला. मी पावतीवर सही करायला पेन उचललं तेवढ्यात हे आतून आले. गाठोड्याला हात लावला, आतलं लोखंड चाचपलं आणि हात मागे घेतला.

"आज शनिवार," म्हणाले.

"मग?"

"शनिवारी लोखंड घरात घेत नाहीत, सुनंदा."

मला आधी वाटलं थट्टा करतायत. पण ह्यांच्या आईनं आयुष्यभर शनिवारी साधी सुईसुद्धा विकत आणू दिली नव्हती, ते मलाही ठाऊक होतं. आमच्याकडे खिळा लागला तरी रविवार उजाडायची वाट बघायचे. मी म्हटलं, "अहो, पुण्याहून ते निघालं तेव्हा गुरुवार होता! विकत तर बुधवारीच घेतलंय! शनिवारी आपण फक्त दार उघडतोय."

"घरात शनिवारी येतंय ना. आणि ह्याच गाडीतून तिला न्यायचंय." ह्यांनी आवाज खाली आणला, रुचिरा ऐकेल म्हणून. "इतर कुठल्याही वेळी मी घेतलं असतं. आत्ता नको. मला हिंमत होत नाही."

आणि त्या सायकलवाल्याला म्हणाले, "सोमवारी आणाल का? जरा कृपा करा." तो बिचारा आमच्याकडे बघतच राहिला. मग कागदावर काही तरी खरडलं, गाठोडं परत बांधलं आणि गेला.

मी त्या दिवशी ह्यांच्याशी बोलले नाही. भांडी इतकी आपटली की रुचिरा म्हणाली, "आई, बाळ दचकतंय गं."

सोमवारी कोणी आलं नाही. मंगळवारीही नाही. हे स्टँडामागच्या कुरिअरच्या ऑफिसात गेले तर तिथला कारकून म्हणाला, तुम्ही घ्यायला नकार दिलात, माल गोडाऊनला परत गेला. गोडाऊन कुठे? कळंबोलीला. कळंबोलीला गेले तर तिथले म्हणाले, आमच्याकडे नाही, पनवेललाच असेल. पुण्याला फोन केला तर भाऊ म्हणतो, इथे परत आलं नाही. ह्या तिघांच्या मधे कुठे तरी आमच्या स्प्रिंगा फिरत होत्या आणि घरात रुचिरा भिंतीला धरून चालत होती. ह्यांनी जेवण टाकलं. रात्री उठून गॅलरीत जाऊन खाली गाडी बघायचे. काय बघत होते कोण जाणे, ती काय आपोआप सरळ होणार होती?

"टॅक्सी ठरवून ठेवू," मी म्हटलं. ठरवलीही. टॅक्सीवाला हो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी अय्यूबभाईंनी सांगितलं की तो लग्नाचं भाडं घेऊन महाडला गेलाय. मग माझंही धाबं दणाणलं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी अय्यूबभाईंकडे फोन आला. पार्सल सापडलं, दुपारपर्यंत घरपोच करतो. ह्यांनी लगेच ऑफिसला दांडी मारली आणि हत्यारं बाहेर काढली.

"आधी पार्सल हातात येऊ द्या," मी बजावलं. "गाडी खोलू नका."

"खोलून ठेवली की नुसतं बसवायचं राहील. अंधार पडला तर मला जमणार नाही गं. आणि आज रात्री तिला काही झालं तर?" भित्र्या माणसाची घाई फार वाईट. शूर माणूस एक वेळ थांबतो.

ती स्प्रिंग काढणं म्हणजे काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. गाडीचं सगळं वजन पेलणारी ती जाड लोखंडाची गुंडाळी, चाकामागच्या लोखंडी दांड्यावर, खालच्या आर्मवर, दाबून बसवलेली. आर्म सावकाश खाली सोडायचा, म्हणजे ती हळूहळू ढिली होते. चुकून एकदम सुटली तर माणसाचं डोकं राहत नाही. हे सगळं ह्यांना नीट माहीत होतं. घरातल्या झोपाळ्याची साखळी काढून ह्यांनी ती स्प्रिंगमधून ओवून गाडीला बांधली. अय्यूबभाईंच्या हातात जॅकचा दांडा. मी गॅलरीत, एक कान आत रुचिराकडे.

"सोडा," हे म्हणाले. "हळू. अजून हळू. थांबा! थांबा, अय्यूबभाई!"

आणि धाडकन आवाज झाला. मोठा तुकडा साखळीनं धरला, पण तुटलेला वेढा निसटून समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर आदळला. भिंतीचा गिलावा खाली आला. क्षणभरापूर्वी त्या वाटेत ह्यांचं डोकं होतं. नट सापडेना म्हणून जरा बाजूला वाकले होते, एवढंच.

"या अल्लाह," अय्यूबभाई म्हणाले आणि खुर्चीवर मटकन बसले.

हे गाडीखालून बाहेर आले. मला वाटलं आता चक्कर येऊन पडणार. पण त्यांनी वर बघून विचारलं, "रुचिरा दचकली नाही ना?"

दुपार झाली, चहाची वेळ टळली. पार्सल नाही. फोन केला तर कोणी उचलेना. दारात गाडी नव्हतीच आता, पुढचं एक चाक नसलेला सांगाडा ठोकळ्यांवर उभा होता. माझं डोकं फिरलं. हे जायला निघाले तर मी म्हटलं, तुम्ही जाल आणि कृपा करा म्हणाल. तुम्ही इथे थांबा. पदर खोचला आणि गेले स्टँडामागे.

ऑफिस म्हणजे एक शटर, एक टेबल आणि माळ्यापर्यंत रचलेली खोकी. कारकून खुर्चीत रेलून बसलेला. मी नाव सांगितलं. तो वही न उघडताच म्हणाला, "मॅडम, तुमचं पार्सल रूटला आहे. उद्या बघा."

मी टेबलाखाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय गोणपाटाच्या एका गाठोड्यावर आरामात टेकलेले होते. त्यावर आतेभावाच्या वळणदार अक्षरात आमचं नाव आणि पत्ता.

"पाय काढ," मी म्हटलं.

"काय?"

"पाय काढ आधी! माझी पोर तिकडे जीव मुठीत धरून बसलीये आणि तू माझ्या पार्सलवर तंगड्या पसरतोस?" मग मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. रस्त्यावरचे लोक आत डोकावायला लागले. मी त्या गाठोड्यावर बसकण मारली आणि सांगितलं, हे माझ्या दारात पोचेपर्यंत मी इथून हलत नाही, मला पण खोक्यांबरोबर रचून ठेवा. कारकुनाची बोबडी वळली. त्यानं बाहेरच्या टेम्पोवाल्याला हाक मारली. महादेव त्याचं नाव, गव्हाणचा. त्यानं गाठोडं उचलून टेम्पोत टाकलं आणि म्हणाला, "चल मावशी, बस पुढं. मी सोडतो तुला. ह्या लोकांचा काय खरा नाय."

टेम्पो कसला, नुसता पत्र्याचा डबा. स्टँडापासून घरापर्यंत माझे दात एकमेकांवर वाजत होते. "स्प्रिंगचे पाटे बसल्यात गाडीचे," महादेव म्हणाला. "मालकाला सांगून थकलो."

बिल्डिंगच्या फाटकातून आत शिरलो तर अय्यूबभाई धावत समोर आले. त्यांचा चेहरा बघूनच मी खाली उतरले.

"भाभी, वर जा. बच्चीला खून जातंय."

रुचिरा पलंगावर आडवी होती. खाली पडलेल्या चादरीकडे मी एकदाच पाहिलं. ती रडत नव्हती, तेच जास्त भयंकर होतं. हे तिचा हात धरून उभे. नुसते खिडकीतून खाली बघत होते. त्यांनी स्वतःच्या हातानं उघडून ठेवलेल्या गाडीकडे.

"टेम्पो आहे खाली," मी ओरडले. "उचला तिला!"

ह्यांनी आणि अय्यूबभाईंनी तिला पलंगावरच्या गोधडीसकट उचलून खाली आणलं. महादेव काही न विचारता मागची फळी उघडून उभा होता. आत आमचं गाठोडं तेवढं होतं, बाकी उघडा पत्रा. गोधडी पसरून तिला निजवलं. महादेव म्हणाला, "मावशी, मी हळू मारतो. पण दणके बसनारच. आमी काय करू, गाडीच तशी हाय."

"हळू नको," हे म्हणाले. "वेळ नाही."

फाटकाच्या उंबरठ्यावर टेम्पो उडाला आणि रुचिरा किंचाळली. तिचं अंग पत्र्यावरून उचललं जाऊन खाली आपटलं होतं. गोधडीवर लाल वाढलेलं मला दिसलं. पुढे अख्खा हायवे होता. कळंबोली, कामोठे, खारघर, सगळे खड्डे ह्यांना पाठ होते आणि त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता.

तेव्हा हे पत्र्यावर पाठ टेकून आडवे झाले. हात पसरले आणि म्हणाले, "सुनंदा, तिला माझ्या अंगावर घे."

"अहो..."

"घे म्हणतो ना!"

असे ते माझ्यावर जन्मात ओरडले नव्हते. मी रुचिराला सरकवलं. ती कुशीवर, डोकं त्यांच्या खांद्यावर. ह्यांनी दोन्ही हातांनी तिला कवटाळलं, गुडघे वर घेतले आणि टाचा पत्र्यावर रोवल्या. मी एका हातानं तिची कंबर धरली, आणि ते लोखंडाचं गाठोडं घसरून त्यांच्यावर येत होतं ते पायानं मागे रेटून ठेवलं. टेम्पो हायवेला लागला.

खड्डा आला की हे आधीच सांगत, "आला," आणि अंग ताठ करत. दणका त्यांच्या पाठीत जाई. डोकं पत्र्यावर आपटे. वरती रुचिरा फक्त जराशी हलायची. "आला." पुन्हा. कळंबोलीच्या पुलापाशी त्यांच्या तोंडातून कण्हणं आलं, ते त्यांनी ओठ चावून गिळलं. मी म्हटलं, तुमच्या डोक्याखाली काही तरी घालते, तर म्हणाले, तिला सोडू नकोस. मधेच रुचिराचे डोळे मिटायला लागले. "रुचे, बोल," हे म्हणाले. "काही पण बोल. बाळाचं नाव काय ठेवणार? मला आवडणार नाही असं एखादं सांग." ती काही तरी पुटपुटली. मला ऐकू आलं नाही. भीतीनं माझ्या कानांत नुसता घुमघुम आवाज येत होता. बेलपाडं गेलं की खाडी गेली, काही कळेना.

हॉस्पिटलच्या दारात वॉर्डबॉयनी तिला उचललं. मी स्ट्रेचरबरोबर आत धावले. सह्या घेतल्या, रक्ताच्या बाटल्या आणल्या, दार लागलं. मी बाहेरच्या बाकावर. किती वेळ गेला सांगता येत नाही. आयुष्यात कधी देवाकडे भांडून काही मागितलं असेल तर तेव्हा. मग एक नर्स बाहेर आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून काय ते बोलली आणि परत आत गेली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे कुठेच दिसत नाहीत.

मी बाहेर आले. टेम्पो तिथेच उभा होता, महादेव बाजूला विडी न पेटवता हातात धरून. "मावशी, त्यांना उठता येत नाय," तो हळूच म्हणाला. "डॉक्टरला बोलावतो म्हनलो तर नको म्हनतात. आधी आतलं कळू दे म्हनतात."

हे तसेच पत्र्यावर पडून होते. शर्ट छातीपासून खालपर्यंत लाल, सगळं तिचंच रक्त. माझ्या चपलांचा आवाज ऐकला आणि त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले, दोन्ही हात कानांवर ठेवले.

"वाईट असेल तर सांगू नकोस," म्हणाले. "आत्ता नको. थोडा वेळ असंच राहू दे मला."

मी सांगायला तोंड उघडलं, तर बाहेर आले नुसते हुंदके. ते हुंदके त्यांनी कानांवरच्या हातांमधूनही ऐकले.

"मी परत पाठवलं गं," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच. "दारात आलेलं मी परत पाठवलं. तिला मी मारलं."

एरवी हेच वाक्य मी त्यांना शंभरदा ऐकवलं असतं. मी फळीवर चढून त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचे हात कानांवरून ओढून काढले.

"अहो, मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवलीये, पण रडली. रुचिराला रक्त चढवतायत. नर्स म्हणाली, दोघी आहेत."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिले, मी खोटं बोलतेय का ते तपासत.

"दोघी?"

"दोघी," मी म्हटलं.

मग अंग थरथरायला लागलं त्यांचं, असं की पत्रा वाजायला लागला, आणि मी त्यांना घट्ट धरून ठेवलं.